चारास तीन

विट्यात लाईट असते तोवर बसायचं कॉम्प्युटरवर.
गुरुवारी आबांची एकसष्टी.
कार्यालयाचा पडदा सोळास नऊ,
आणि आमच्या घरातलं काहीच एका मापाचं नाही.

लग्नाची कॅसेट एक्क्याण्णवची, चारास तीन.
खानापूरच्या व्हिडिओवाल्यानं काढलेली.
मध्येच बदामाच्या आकारात नवरा-नवरी उगवतात,
तळाला एक पट्टा थरथरत राहतो,
हॅलोजन धरलेल्या पोराचा हात दुखला की
सगळा मांडव एका अंगाला कलतो.
वास्तुशांत हँडीकॅमवर, आडवी.
आणि इरोडहून आबांनी पाठवलेलं सगळं
उभं. नऊस सोळा.

आधी वाटलं, पडदा भरून टाकावा.
चित्र मोठं केलं.
वरून फेटे गेले,
खालून सतरंजीवरची माणसं गेली,
मधे नुसते हात, अक्षता टाकणारे.
तानूआजी नेमकी खालच्या ओळीत,
तिचं हलणारं चित्र दुसरीकडं कुठंच नाही.
मागं घेतलं.

मग ताणून पाहिलं.
सनईवाल्याचे गाल आधीच फुगलेले, ते आता फुटायला आले.
मंगळसूत्राच्या वाट्या झाल्या अंड्यासारख्या.
आणि आबा, रुंद छातीचे, भरदार.
माऊसवरचा हात थांबला.

हेच तर आबा माझ्या ओळखीचे.
मी आठवीत असताना भिंतीवरचा टीव्ही आला,
त्यानं दर दिवाळीला लग्न असंच ताणून दाखवलं.
वर्षातले साडेअकरा महिने आबा इरोडला, सोनं गाळायला,
आणि घरात हे रुंद आबा.
माझे वडील पैलवान आहेत, असं मी वर्गात सांगितलेलं.
यात्रेला चार दिवस यायचे तेव्हा वाटायचं,
प्रवासानं उतरलेत.

एक आकडा बदलला. माप बरोबर झालं.
मांडवात एक काटकुळा पोरगा उभा राहिला,
कोटाच्या बाह्या बोटांवर आलेल्या,
ॲसिडच्या धुरानं डोळे लाल.
सव्वीस वर्षांचा.
माझ्यापेक्षा लहान.

आबा मागं येऊन उभे. "ह्यो कोण?"
"तुम्हीच."
"एवढा वाळल्यालो व्हतो?"
आई लसूण सोलता सोलता,
"व्हताच की. दर पत्रात लिवायची मी, जेवत जावा म्हणून."

उभ्या व्हिडिओंचं काय करायचं?
मोकळ्या कडांना त्याच चित्राचा धूसर पडदा लावतात.
लावला.
आबांच्या दोन्ही अंगांनी आबांचाच धूर.
काढून टाकला लगेच, धूर पुष्कळ झाला त्यांना.
तसं बघितलं तर फोनचं काही चुकलेलं नाही.
गाळाच आठ फुटी.
वर खंडोबाचा फोटो, खाली भट्टी,
मधे एक माणूस मावेल एवढीच उभी जागा.

"कडंला काळं कशाला सोडलंय? जागा वाया."
गाळ्यातली केरधूळ चाळून
त्यातलं सोनं काढणारा माणूस तो,
त्याला कसं चालावं.
म्हटलं, "तिथं काही शूट झालेलं नाही, आबा."

बराच वेळ बघत राहिले.
मग डाव्या काळ्या पट्टीवर बोट टेकवलं.
"हितं दामू. मुशी घिऊन बसायचा.
ह्याच्या वर मोरी."
बोट सगळा गाळा ओलांडून उजवीकडं गेलं.
"हितं पत्र्याचा जिना.
जिन्याखाली मी निजायचो, पाय पोटाशी घिऊन.
लांब करायला जागाच नव्हती."

आईनं लसूण खाली ठेवला. उठून जवळ आली,
चष्मा लावून त्या काळ्यात बघायला लागली.

चारला लाईट जाते.
स्क्रीनवरचे बोटांचे डाग न पुसता
मी एक्स्पोर्टला लावलं, काळ्या पट्ट्यांसकट.